हुकूम येण्याआधी

ज्या क्लबचं नाव आमच्या गावात एकालाही धड उच्चारता येत नाही, त्याच्या पराभवाचं सुतक आमचं गाव वर्षानुवर्षं पाळत आलं. रविवारी संध्याकाळी जर्मन काका नाक्यावरच्या टपरीत बाकाच्या टोकाला बसायचे, फोन डोळ्यांपासून लांब धरायचे आणि मध्येच "घेतला!" नाहीतर "गेला!" असं ओरडायचे. "गेला" म्हटलं की टपरीवाला दिनू चहाचं पातेलं खाली उतरवायचा. हरल्यावर काका चहा पीत नसत, आणि काकांनी कप बाजूला सारला की बाकीच्यांनाही मागायला अवघड वाटायचं. जयगडच्या बाजूने येणारा एखादा ट्रकवाला विचारायचा, "कोण वारलं काय?"

"नाय वो," दिनू सांगायचा, "जर्मनीत गोल बसला."

काका गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्यावर लिही असं मला चार जणांनी सांगितलं. चौघांनाही वाटत होतं की मी मफलरीचं, चहाचं आणि त्यांच्या विनोदी रागाचं लिहीन. तेही लिहिते. पण मला पत्रकं लिहायची सवय आहे. पाण्याच्या टाकीसाठी, बंद केलेल्या एसटीसाठी, दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीसाठी मी पत्रकं लिहिली आहेत, आणि त्यांत एक गोष्ट मी शिकले: अर्धं सांगायचं असेल तर कागद वाया घालवू नये.

आमचं गाव रत्नागिरीहून जयगडला जाताना लागतं. खाली खाडी, वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार. काका इथलेच. तरुणपणी जहाजावर गेले, कुठल्याशा बंदरात आजारी पडून उतरले, आणि जर्मनीतल्या एका लहान गावी वीटभट्टीच्या कारखान्यात कामाला लागून तिथेच अर्धं आयुष्य काढलं. लोक परदेशातून येताना सोनं आणतात, निदान मिक्सर तरी. काकांनी आणली एक हिरवी-पांढरी लोकरीची मफलर, जी ते मे महिन्यातही गळ्यात घालायचे, क्लबचं सभासदकार्ड, आणि त्या क्लबचा सगळा इतिहास, तोंडपाठ.

तिथे ते तिसऱ्या संघात खेळायचे. तिसऱ्या संघात कोण खेळतं, असं आम्ही विचारलं तर म्हणायचे, "ज्यांची पोटं सुटलेली असतात, पण ज्यांना घरी बसवत नाही ते." पुढे गुडघा गेल्यावर मैदानावर चुन्याच्या रेघा मारू लागले. त्या रेघांचा त्यांना खेळापेक्षा जास्त अभिमान होता.

इथे परत आल्यावर त्यांनी सड्यावर क्लब काढला. टीम म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "टीम म्हणजे अकरा जण. क्लब म्हणजे गोलपोस्टला रंग लावणारा धरून सगळे." कातळावर फुटबॉल म्हणजे गुडघ्यांचा सत्यानाश, म्हणून पहिल्या वर्षी सगळ्यांनी घमेल्यांनी माती वाहून वर टाकली. पावसाने ती धुऊन नेली. परत टाकली. दरवर्षी दिवाळीनंतर हेच. सरावाआधी प्रत्येकाने मैदानातून मूठभर खडे वेचून बांधापलीकडे टाकायचे हा नियम होता. शाळेत असताना मीही ते वेचलेत, कारण काकांनी मुलींनाही खेळायला बोलावलं होतं. माझी आजी त्यांना भर रस्त्यात म्हणाली, "मेल्या, पोरींना चड्डीत नाचवतोस?" काका म्हणाले, "वहिनी, नाचवत नाही, पळवतो. नाचायला शिमगा आहे." आजी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही, पण मला तिने थांबवलंही नाही.

अध्यक्ष म्हणून काकांचं मुख्य काम होतं मध्यंतरात वडे तळणं. त्यांच्या जर्मन क्लबात अध्यक्ष स्वतः सॉसेज भाजायचा म्हणे. तेच इथे. एकदा कोणी पुढारी सामन्याला आले आणि त्यांनी विचारलं, "अध्यक्ष कुठे आहेत?" तेव्हा काका कढईमागून झारा वर करून म्हणाले, "इकडे! पण रांगेतून या."

ते दोन्ही क्लबांना "आम्ही"च म्हणायचे, त्यामुळे घोटाळे फार व्हायचे. ऐन जानेवारीत त्यांनी टपरीत जाहीर केलं, "आमचं मैदान पाण्याखाली गेलं. गोलपोस्ट वाहून गेली." माझा चुलतभाऊ बाळ्या फावडं घेऊन सड्यावर धावला. वर लख्ख ऊन, गवतसुद्धा वाळलेलं. परत येऊन तो करवादला, "काका, कुठल्या नदीला पूर आला ते आधी सांगत जा ना!" काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांची तिथली गोलपोस्ट खरंच वाहून गेली होती.

आमच्या क्लबची वार्षिक सभा जगात कुठे होत नसेल अशी व्हायची. विषयपत्रिकेआधी काका उभे राहून त्या जर्मन क्लबचा इतिहास सांगायचे, आणि आम्हीही उभं राहून ऐकायचो. वीटभट्टीतले मजूर आणि एक शाळामास्तर यांनी क्लब काढला. बीटाच्या शेतात खेळायचे, चेंडू सरीत अडकायचा. पहिला खराखुरा चामड्याचा चेंडू गावातल्या कापडवाल्याने आणून दिला. तोच पुढे कित्येक वर्षं क्लबचा चिटणीस होता. एका वर्षी वरच्या गटात चढले, पुढच्या तीन वर्षांत खाली उतरले. एकदा चषकाच्या सामन्याला शहरातला मोठा क्लब त्यांच्या मैदानावर आला आणि नऊ गोल मारून गेला. पण यांनीही एक मारला! तो एक गोल काका असा सांगायचे की बाकीचे नऊ आपोआप विसरायला व्हायचे. मग पिढ्यानपिढ्या ज्यांच्याशी मारामाऱ्या केल्या त्या शेजारच्या गावच्या क्लबात विलीन व्हायची पाळी आली. नाव कोणाचं आधी लावायचं यावर तीन हिवाळे भांडण. आणि शेवटी मुलांचा संघच उरला नाही तेव्हा युद्धातून पळून आलेल्या घरांतली सिरियाची, अफगाणिस्तानची पोरं आली, आणि त्यांच्या जिवावर क्लब टिकला. "आता आमचा सेंटर फॉरवर्ड रोजे ठेवतो," काका कौतुकाने सांगायचे, "त्या महिन्यात आम्ही सराव उशिरा लावतो."

पण या सगळ्याच्या मधोमध एक जागा यायची. तिथे काका थांबायचे. मफलर काढून हातात घ्यायचे.

"आता लाजेचं. तो कापडवाला ज्यू होता. सरकार बदललं. क्लबांमधून ज्यूंना काढा असा हुकूम वरून येणार, अशी बोलवा होती. येणार होता. आला नव्हता. आमची समिती एका संध्याकाळी बिअर पीत बसली आणि तिने त्याचं नाव आधीच काढून टाकलं. वाईट माणसं नव्हती. त्याच्याबद्दल वाकडा शब्द कोणी बोललं नाही. एक जण म्हणाला, उगाच त्यालाच त्रास नको." मग काका टेबलावर मूठ आपटायचे. "हुकूम येण्याआधी! कळलं? हुकूम येण्याआधी!"

मी कॉलेजात असताना त्यांना एकदा टोकलं होतं. "काका, तुमचा जन्मसुद्धा झाला नव्हता तेव्हा. 'आमची समिती' काय म्हणता?"

"नऊ गोल खाल्ले तेव्हा तरी होतो काय मी?" काका म्हणाले. "ते आमचे, तर हेही आमचंच. गोल घ्यायचे आणि लाज सोडायची, हा कुठला सभासद गो?"

हे मला इतकं आवडलं की पुढे मी ते दोन-तीन सभांमध्ये भाषणात वापरलं.

आता निखिलचं सांगते.

निखिल बौद्धवाडीतला. जयगडला बंदरात पाळीवर कामाला. कंपनीच्या बसमधून नाक्यावर उतरायचा, हेल्मेटची पिशवी दिनूकडे टाकायचा आणि तसाच सड्यावर यायचा. गोलकीपर. तळहात म्हणजे सुपं. आणि तोंड त्याहून मोठं. गोलात उभा राहून तो पुढच्या सगळ्यांना हाकायचा. "ए बाळ्या, वरातीत चाललायस काय? पळ की! नवरी पळून जाईल!" आमच्या संघातले निम्मे खेळाडू त्याच्या वाडीतले, निम्मे आमच्या, वरच्या वाडीतले. कर्णधार खेळाडूंनीच हात वर करून निवडायचा, आणि त्या मोसमात त्यांनी निखिलला निवडलं. बाळ्याने स्वतः त्याचं नाव सुचवलं होतं. निखिल त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प बसलेला मी पाहिला. मग म्हणाला, "आईला सांगून येतो," आणि खाली पळाला. फोन खिशात होता तरी.

त्याच मोसमात, पहिल्याच दिवशी, आम्ही पहिल्यांदा आमची स्वतःची स्पर्धा भरवली. लोटे गावच्या कारखान्यांतल्या कामगारांचा संघ येणार होता, सावर्ड्याचा येणार होता. आता सड्याची जमीन देवस्थानची. सड्यावर कसलंही कार्य सुरू करायचं तर मैदानाच्या कडेला राखणदार देवाचा दगड आहे तिथे मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला मोठ्याने विनवतो, सगळ्यांचं "व्हय महाराजा" होतं, आणि ज्यांचं कार्य त्यांच्यातल्या मुख्याच्या हातून नारळ वाढवतात. क्लबाच्या कार्याला मुख्य म्हणजे कर्णधार. आजवर मोसमाच्या पहिल्या दिवशी कर्णधारच नारळ वाढवायचा, आणि आजवरचे सगळे कर्णधार वरच्या वाडीतले होते. त्यामुळे यात काही प्रश्न आहे असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मानकरी म्हणजे माझे वडील. हेही लिहिलं पाहिजे.

स्पर्धेच्या सकाळी मी सड्यावर पोचले तेव्हा लाऊडस्पीकर लागला होता, लोट्याच्या संघाची बस आली होती, काकांची कढई तापली होती. दोन्ही संघ रांगेत उभे. निखिल पुढे, दंडावर कर्णधाराची पिवळी पट्टी. आणि स्पीकरवरून घोषणा झाली की यजमान संघाचे आजचे कर्णधार बाळकृष्ण अमुक अमुक, म्हणजे आमचा बाळ्या, श्रीफळ वाढवतील.

बाळ्या रांगेत मागे उभा होता. त्याने मान खाली घातली. म्हणजे त्याला माहीत होतं.

खजिनदार अण्णा लगबगीने निखिलजवळ गेले आणि त्यांनी हात पुढे केला. "दे रे. नारळापुरती. नंतर परत घाल."

"कोणी सांगितलं?" निखिलने विचारलं. "देवळातून सांगितलं?"

"नाय रे बाबा, कोणी नाय सांगितलं. आपलं आपणच ठरवलं काल, काकांच्या पडवीत. उगाच कोणी काय बोललं तर तुलाच वाईट वाटायचं."

 निखिल बोलला तो अण्णांशी नव्हे. मैदानापलीकडे कढईकडे बघून, गोलातून ओरडायचा त्या आवाजात बोलला.

"काका! मी नारळ फोडणारच नव्हतो. आमच्यात नाय फोडत. हे तुम्हाला सांगायला मी परवा येऊन गेलो, तुम्ही रत्नागिरीला गेलेलात. म्हटलं, मानकऱ्यांनाच फोडूदे. मी बाजूला उभा राहतो. पट्टी घालून. एवढंच पाहिजे होतं मला. बाजूला, पट्टी घालून."

त्याने पट्टी काढून अण्णांच्या हातात दिली. ग्लोव्हज काढले, गोलच्या रेघेवर ठेवले, आणि सड्याच्या उताराने चालू लागला. रांगेतून त्याच्या वाडीतले बाकीचेही निघाले. कोणी घोषणा दिली नाही, कोणी शिवी दिली नाही. त्यांच्या जागी मी असते तर दिली असती.

राखणदाराच्या दगडाशी माझे वडील नारळ हातात धरून उभे होते. "काय झालं?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "पोरं का चालली?" कोणी तरी कानात सांगितलं. तेव्हा ते जे बोलले ते मी तसंच लिहिते, कारण त्यात त्यांची बाजूही आहे आणि त्यांच्यावरचा आरोपही. "मला विचारलं असतंत तर मी काय म्हटलं असतं, ते मलाही ठाऊक नाही. पण मला कोणी विचारलंच नाही."

रात्री जेवताना मात्र ते आईला म्हणाले, "एका अर्थी बरं झालं. आपल्या अंगाला काही लागलं नाही."  ज्या माणसाला नकारही द्यावा लागत नाही, लोकच त्याच्या वतीने नकार देऊन मोकळे होतात, त्याचं अंग कोरडंच राहणार. मी त्या घरातली. त्या कोरड्या अंगाची.

आणि काका? मी कढईकडे पाहिलं तेव्हा ते झारा धरून तसेच उभे होते. तेल धुरावलं होतं, वडे काळे पडत होते. दिनूने धावत येऊन खालची आच काढली. काकांचे ओठ हलत होते. मला वाटलं, निखिलला हाक मारतायत. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. ते "उगाच त्यालाच त्रास नको" हे शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. आदल्या दिवशी पडवीत ते हेच बोलले होते, हे मला बाळ्याने नंतर सांगितलं. इतकी वर्षं ते वाक्य त्यांनी आम्हाला उभं करून ऐकवलं होतं, आणि वेळ आली तेव्हा स्वतःच्या तोंडातून निघताना त्यांना ते ओळखू आलं नव्हतं. पडवीत बसलेल्या एकालाही आलं नाही. सगळे दरवर्षी ऐकणारे.

आम्हाला गोलकीपर राहिला नव्हता. लोट्याचा कर्णधार चांगला माणूस. म्हणाला, "आमचा राखीव कीपर घ्या, खेळ तरी होऊदे." परगावच्या माणसाला आमची लाज झाकायला स्वतःचा माणूस द्यावा लागला. तरीही सावर्ड्याच्या संघातली राखीव पोरं धरली तेव्हा कुठे आमचे अकरा भरले. आणि आम्ही जिंकलो. स्पीकरवर गाणं लागलं. आजवर आम्ही खाल्लेले सगळे गोल एकत्र केले तरी त्या विजयाइतके ते मला जड जाणार नाहीत.

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. सकाळपर्यंत ते नाक्यावर, शाळेच्या भिंतीवर, एसटीच्या थांब्यावर लागलं होतं. क्लबच्या समितीने गावकीच्या दबावाखाली निखिलचं कर्णधारपद काढून घेतलं, वगैरे. भाषा जोरदार होती. अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बाळ्या म्हणाला, "घरातली धुणी भिंतीवर वाळत घातलीस." आणि काका आमच्या अंगणात आले. हातात माझंच पत्रक. मला वाटलं, आता भांडणार. मी तयारीत होते.

"अगो, यात दोन चुका आहेत," ते म्हणाले. "समितीने ठरवलं असं लिहिलंयस. समिती नंतर. आधी मी सुचवलं. माझं नाव घाल."

"घालते. दुसरी?"

"गावकीचा दबाव म्हणतेस. दबाव नव्हता."

"दबाव असतोच काका. न बोलता असतो. तुम्ही आता त्यांची बाजू घेऊ नका."

"असतो. मी काय नाही म्हणतोय? पण तो आमच्या दारात आला नव्हता अजून. कदाचित आला असता, कदाचित नसताही आला. तू त्याला माझ्या पुढे उभा करू नको. मला त्याच्या मागे लपायला जागा मिळते."

मी दुसरं पत्रक काढलं. पहिल्यापेक्षा वाईट झालं, त्याला मथळाच सुचेना. आमच्या पत्रकांत दोषी माणूस कायम वर कुठे तरी असतो, बंद दाराआड. वडे तळणारा, मला खेळायला शिकवणारा, स्वतः चालत येऊन 'माझं नाव घाल' म्हणणारा दोषी कसा लिहायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझा राग कमी झाला नव्हता. पण तो धरायला मूठ मिळत नव्हती.

मग ते निखिलकडे गेले. मला म्हणाले, "तू चल. मी भलतंच काही बोललो तर टोक." बौद्धवाडीत निखिलच्या आईने अंगणात खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं आणि आत निघून गेली. बसा म्हणाली नाही. काकांनी सरळ सांगितलं. चूक झाली, माझी झाली, अध्यक्षपद मी सोडलंय, पट्टी तुझी आहे, ये. एवढंच. रडले नाहीत, इतिहास सांगितला नाही.

निखिल पायरीवर बसला होता. दुसऱ्या पाळीचे कपडे अंगात, बसला वेळ होता.

"पट्टी परत देताय," तो म्हणाला. "म्हणजे ती द्यायची की काढायची, अजून तुमच्याच हातात. मग काय बदललं?"

निखिलने बुटाची नाडी बांधायला घेतली.

"एक विचारू? तुमचा तो कापडवाला. नाव काढलं त्याचं. पुढे काय झालं त्याचं?"



"माहीत नाही," ते म्हणाले.

"गाव सोडला? मारला त्याला? पोरंबाळं होती?"

"मी कधी विचारलं नाही."

"बघा." निखिल चिडून बोलला नाही, हेच जास्त लागलं. "आम्ही दरवर्षी उभं राहून ऐकलं. मीपण ऐकलं. सगळी गोष्ट क्लबची. क्लबाला किती लाज वाटली, क्लब कसा सुधारला. तो माणूस त्या दारातून बाहेर गेला तो गेलाच. त्याच्या मागोमाग कोणी गेलं नाही. तुम्हीसुद्धा नाय."

कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. तो उठला, आईला हाक मारून गेला.

त्यानंतर टपरीत रविवारी काका यायचे, पण फोन खिशातच ठेवायचे. दिनू विचारायचा, "काय, घेतला की गेला?" काका म्हणायचे, "बघितलं नाही रे." त्यांनी तिकडे कोणाकोणाला फोन लावून कापडवाल्याची चौकशी केली. तिथल्या आताच्या पोरांना काही माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्याला दुकान आठवत होतं, माणूस नाही.

भातकापणी झाली आणि बौद्धवाडीच्या पोरांनी खाडीकडच्या कापलेल्या शेतात आपला क्लब सुरू केला. मोहल्ल्यातली दोन पोरं गेली, कुणबीवाडीतली गेली. नियम सगळे तेच, काकांनी शिकवलेले. नवा सभासद घ्यायचा तर त्याने सभेपुढे उभं राहून विचारायचं आणि बाकीच्यांनी हात वर करायचे. वर सड्यावर आमचा क्लब होताच. अण्णा अध्यक्ष झाले, वडे विकत आणू लागले.

काकांनी नव्या क्लबात सभासद व्हायचं ठरवलं. मी त्यांना सांगितलं, नका जाऊ. ते मोठेपणा दाखवतील, तुम्हाला घेतील, आणि मग ते नाटक होईल. किंवा घेणार नाहीत. ते म्हणाले, "विचारायला नको?"

त्या संध्याकाळी शेतात सगळे भाताच्या धसकटांवर अंग सावरून बसले होते. निखिल अध्यक्ष. बांधावर मी एकटी, बाहेरची. काका मध्ये उभे राहिले. मफलर नव्हती. आपलं नाव सांगितलं, वय सांगितलं, रेघा मारता येतात असं सांगितलं. आपण काय केलं होतं तेही एका वाक्यात सांगितलं. मग म्हणाले, "मला सभासद व्हायचंय."

निखिल म्हणाला, "ज्यांना पाहिजे त्यांनी हात वर करा."

मी बांधावर बसून एक तरी हात वर जावा म्हणून देवाला आळवत होते. मी, जी देव मानत नाही. ज्यांचं इतकी वर्षं दुसरंच कोणी ना कोणी ठरवत आलं, त्यांनी पहिल्यांदा स्वतः काही ठरवायचं तर त्यात मला हवं तेच ठरवावं, अशी माझी अपेक्षा होती. पोरं काकांकडेच बघत होती. कोणी नजर चुकवली नाही. हात कोणाचाच वर गेला नाही. निखिलचाही नाही.

"नाय झालं," निखिल म्हणाला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी परत विचारता येतं. आणि सामने बघायला या. बघायला सभासद लागत नाय."

"येतो," काका म्हणाले. आणि ते गेले, प्रत्येक सामन्याला, बांधाबाहेर उभे राहून. पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही.

पण त्या संध्याकाळी आम्ही दोघं पाखाडीची दगडी वाट चढून वर येत होतो. पायऱ्या उंच, त्यांचा गुडघा दुखत होता. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. मी म्हटलं, "काका, एक जरी हात वर जायला हवा होता. एवढी वर्षं तुम्ही..."

ते थांबले. श्वास घेतला.

"नको गो," ते म्हणाले. "एक जरी वर गेला असता ना, तर मी तेवढाच धरून, सुटलो म्हणत घरी आलो असतो."